हातात न आलेले साठ हजार

३ जून
राजीनामा दिला. ग्राहकांचे अभिप्राय आम्हीच लिहायचे, असं साहेबांचं फर्मान. मी नाही लिहिणार. नोकरीला वर्ष भरायला एकोणीस दिवस होते, पण तत्त्व कॅलेंडर बघत नाही. आईने विचारलं, एकोणीस दिवस आजारी पडता आलं नसतं का? घरातली पहिली पदवीधर असल्यावर असे प्रश्न झेलावेच लागतात.

६ जून
एचआरच्या बाईंचा मेल. वर्षाच्या आत सोडलंत, जॉइनिंग बोनस परत करा. दोन लाख! मला मिळाले एक लाख चाळीस हजार; साठ हजार करात कापले गेले होते. गडबडीत चूक झाली असणार. नम्र उत्तर पाठवलं, खाली स्मायली.

७ जून, सकाळी ८
चूक नाही म्हणे. करारात तसं कलम आहे. करारावर मी न वाचता, विश्वासाने सही केली होती. बाबा म्हणाले, मी साधा नळ घेतला तरी पावती वाचतो. बाबा प्लंबर आहेत. त्यांचं जग वेगळं.

९ जून
पैसे तर आईच्या शिवणकामाच्या गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये गेलेत. आईला ठाम सांगितलं, गाळ्याला धक्का लागणार नाही, हवं तर लेखी देते. म्हणाली, लेखी नको बाई, लेखी तू वाचत नाहीस.

१२ जून
कर कार्यालय. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, कर कापला ते वर्ष बंद झालं. यंदाच्या करातून वळता करून मागा, बघू. 'बघू' म्हणाले! सरकार माझ्या बाजूने आहे. साठ हजार आलेच. आईला तसं कळवलं. तिने गाळ्यात मोठा आरसा लावून घेतला.

१८ जून
कर सल्लागार. फी दीड हजार. म्हणाले, यंदा पगार दोनच महिन्यांचा, त्यावर कर बसतच नाही. मग वळता कशातून करू, तत्त्वातून? विनोदी माणूस.
संकल्प : महिन्याभरात भरपूर कर लागेल अशी नोकरी.

२३ जून
मुलाखत. आधीची नोकरी का सोडली ते सगळं खरं सांगितलं. तिघांनीही फायली मिटल्या. छाप पडली. कळवतो म्हणाले.

२७ जून
कंपनीला नीतिमत्तेवर चार पानी पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं : दोन लाखच, पण हवं तर दोन हप्ते. माघार घेतली म्हणायची!

४ जुलै
आईने गाळा सोडला. मला न विचारता. मुदतीआधी सोडला म्हणून मालकाने डिपॉझिटमधून दोन महिन्यांचं भाडं कापून घेतलं. करारात तसं आहे म्हणे. तो करार मीच चाळून, बिनधास्त सही कर म्हणून आईला दिला होता.
मशीन जड आहे, पलीकडून धर, आई एवढंच म्हणाली.
धरलं.