चौसष्ट काशीराम

रत्नागिरी,
८ एप्रिल २००३

प्रिय फारुकशेट,

श्रीपतीचा सलाम आणि नमस्कार दोन्ही (आधी कुठला घ्यायचा ते तू ठरव). शारजात अजरावहिनी कशा आहेत? तुझा गुडघा? इथे सगळं ठणठणीत आहे, माझं डोकं सोडून.

आमच्या सावनीचं लग्न अठरा मेला. तुला रजा नाही, म्हणून स्वतःऐवजी तू ती संगणकावर वाद्यं वाजवणाऱ्या प्रोग्रामची सीडी धाडलीस, तिचाच हा पराक्रम. काशीरामच्या सनईशिवाय आमच्या घरात कुणी बोहल्यावर चढलेलं नाही, आणि त्याचे नेमके पुढचे दात काढायचे ठरले! म्हणून आदल्या दिवशी त्याला घरी बसवून एकेक सूर संगणकात भरून घेतला. (एका सुरात शेजारचा कोंबडा आरवलाय. गोड आहे, राहू दिला.) सावनीचा कीबोर्ड जोडला, पट्टी दाबली, आणि अंगावर काटा आला रे! पण दुसरी पट्टी दाबली तरी पहिला सूर गप्प बसेना. एक तान घेतली तर घरभर सनयाच सनया. एव्हाना दात काढून आलेला काशीराम बोळक्या तोंडाने ओरडला, "आरं, मी एकलाच हाय ना? ही जत्रा कुठनं आणलीस?"

दोन दिवस माहितीपुस्तक वाचलं (इंग्रजी, त्यात बारीक अक्षर). शेवटी एक चौकट सापडली: एका वेळी किती आवाज वाजवायचे? आत आकडा चौसष्ट. चौसष्ट काशीराम! इथे एकाला चहा पाजताना आमची साखर संपते. तिथे एक घातला, आणि अहाहा, नवा सूर आला की जुना मुकाट बाजूला. काशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

तिथेच थांबलो असतो तर मी श्रीपती कसला! सनईमागे जोडीदार जो एकच लांब सूर धरून बसतो, तोही त्याच यंत्रावर वाजवायला गेलो. सूर दाबून ठेवला आणि गत, म्हणजे मुख्य चाल, सुरू केली, की सूर ठप्प. एकच तोंड दिलेलं ना! आकडा दोन केला की गतीतले सूर पुन्हा एकमेकांत मिसळायचे. सुरासाठी प्रोग्राम दुसऱ्यांदा उघडला तर संगणकानेच मान टाकली. म्हणजे गत यंत्राची, पण सूर माणसानेच धरायला हवा. ते काम आजवर बाबल्याचं. तो म्हणाला, डब्यामागे मी बसायचा नाय, आणि रुसून गुहागरला लेकीकडे निघून गेला. लग्न तोंडावर आणि सूरच नाही, सांग आता!

असो. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
श्रीपती

ता. क. शाळेत असताना शिमग्याला बाबल्या तापाने पडला, तेव्हा गाल फुगवून पालखीमागे तासभर सूर कोणी धरला होता? काशीराम अजून तुझं नाव काढतो.

ता. क. २. सावनीने पत्र वाचलं आणि म्हणाली, बाबा, खरं लिहा. तर खरं असं, की काशीरामची कवळी कालच बसली, बाबल्याही परत आलाय, आणि दोघे आत्ता ओटीवर वाजवतायत. संगणकावर कापड घातलंय. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही रे. पण पोरीला निरोप देताना मी रडणार, आणि तेव्हा शेजारी तू हवास. सीडी परत न्यायला तरी ये.