खजुराच्या बिअरखालचं नाव

सीब, शुक्रवार

दाजी,

घरी बनवायच्या बिअरच्या कृती तुम्ही ओमानभरच्या मराठी माणसांकडून जमवल्यात आणि वहीत उतरवून सगळ्यांना वाटल्यात. प्रत्येक कृतीखाली ज्याचं त्याचं नाव होतं. माझ्या खजुराच्या बिअरखाली मात्र तुमचं. मी विचारलं, तर चारचौघांत हसून म्हणालात, "मेहुण्याचं ते माझंच."

घरी बिअर बनवणं इथे गुन्हा. परवा पोलिसांना तुमच्या तांदळाच्या डब्यातली वही लगेच सापडली, कारण जागा मीच कळवली होती. नावं वाचून त्यांनी तुमच्यासकट सहा जणांना उचललं. मला कोणी विचारलंही नाही.

ताई रडते, चुगली कोणी केली म्हणून विचारते. मी तिला चहा करून देतो.

हे पत्र पाठवणार नाही. माझं नाव कुठे नसलेलंच बरं, हे तुम्हीच शिकवलंत.

तुमचा
एकुलता एक मेहुणा