बाबांच्या पलंगाचे चार नट

संघर्ष,

फोन घरीच चार्जिंगला लावून गेलायस, म्हणून लिहितेय. बाबा दुपारी पलंगावर टेकले आणि पलंग त्यांच्यासकट खाली आला. उजवा हात मोडलाय. वाशीच्या हॉस्पिटलात आहोत, मी फक्त त्यांची फाईल न्यायला आलेय.

घरात जिम करायची म्हणून वजनं उचलायचा स्वस्तातला लोखंडी पॉवर रॅक मागवलास, त्यात चार नट कमी आले. दुकानदार आठ दिवसांत पाठवतो म्हणाला होता ना? तेवढा धीर धरवला नाही तुला. बाबांच्या पलंगाचे नट काढलेस आणि त्या जागी सुतळी बांधलीस. सुतळी! सत्तरीच्या माणसाखाली! स्वतःच्या पलंगाचे का नाही काढलेस रे?

या चिठ्ठीवर ठेवलेत ते तेच नट. पाना घेऊन आत्ताच रॅकचे काढलेत. रॅक नुसता भिंतीला टेकवलाय, त्याच्या जवळपास फिरकू नकोस. आधी पलंग जोड आणि स्वतः त्यावर उड्या मारून बघ. मग बाबांचा चष्मा आणि जाड चादर घेऊन ये. तुझं 'सॉरी ताई' मला ऐकायचं नाही.

आणि बाबा रबाळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते, हे विसरू नकोस. पडल्या पडल्या त्यांनी डाव्या हाताने एक सुतळी सोडवली, बघितली आणि खिशात टाकली. डॉक्टरांना म्हणाले, बाथरूममध्ये पाय घसरला.

ताई