तिसऱ्यांतलं शिसं

सोमवार, १७ नोव्हेंबर

शिसं! मर्यादेच्या दुप्पट!

रायगडच्या खाडीत सगुणाबाईंचा बचत गट तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वाढवतो. दर दोन महिन्यांनी बर्फात घालून नमुने नाशिकला, आमच्या लॅबला, पाठवतात. तीन वर्षांत असं कधीच आलं नव्हतं.

आमचे लॅबप्रमुख ललित सर म्हणाले, "आत्ताच फोन कर. माल थांबवा म्हणावं."

केला. सगुणाबाईंनी आकडा दोनदा विचारला. मग – "चाळीस टोपल्या काढून ठेवल्यात गो."

"विकू नका. लहान मुलांना फार वाईट असतं ते."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सगुणाबाईंचा फोन. "टाकून दिल्या गो बाय. सगल्या." आवाज बसलेला. बारा बायकांची मेहनत!

डबा न खाताच परत आणला. अम्मी ओरडली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

ओझरच्या बोअरच्या पाण्यात शिसं. सिन्नरच्याही! असं कसं?

सगळ्यांत एकच गोष्ट सारखी – नमुन्यांत घालायला सोमवारी मी उघडलेली ॲसिडची नवी बाटली. नुसतं ॲसिडच मशीनला लावून पाहिलं. शिसं त्यातच आहे.

दर खेपेला नमुन्यांसोबत नुसतं ॲसिडही तपासायचं असतं. सोमवारी तपासलं नाही. घाई होती. वहीत मागच्या आठवड्याचा आकडा उतरवला. मी!

गुरुवार, २० नोव्हेंबर

नमुन्यातल्या उरलेल्या तिसऱ्या वेगळ्या बाटलीतलं ॲसिड घेऊन पुन्हा तपासल्या. तीनदा. स्वच्छ आहेत.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. "माल गेला ना? आता सांगून परत येणारे का? लॅबचं नाव जाईल, अरफा. तुझी नोकरीपण."

"सर, आपली खाडी नासली असं वाटतंय त्या बायकांना."

"दोन दिवस थांब. मी बघतो."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

थांबले. लाज वाटते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सरांना न विचारता फोन लावला. ॲसिड, वही, खोटा आकडा – काहीच लपवलं नाही. "तुमचा माल माझ्यामुळे गेला. सोमवारी लेखी देते." शिव्या देतील वाटलं. त्यांनी फोन ठेवून दिला. ते जास्त लागलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी त्यांचाच फोन.

"टाकल्या नवत्या गो बाय. बाजारात विकल्या आमी. लोकांनी पोरांना खायला घातल्या... तुझा पयला रिपोर्ट खरा असता त?"

या वेळी फोन दोघींनीही ठेवला नाही.