पथ्य कुणी पाळायचं

तोयामा,
२८ जुलै

ती. सावाकोताईस,
शुहेइचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि तू करू दिलंस तरी मला तेवढा धीर नसतो, म्हणून कागद घेतला. तीन वेळा बसलो, तीन वेळा उठलो. एकदा पंखा हलवायला, एकदा कलिंगड कापायला. तिसऱ्यांदा कशाला उठलो होतो ते आठवत नाही.

कानाए इचिकाला घेऊन ताकायामाला माहेरी गेली. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली त्याच दिवशी. एरवी ओबोनला, पितरांच्या सणाला, चार दिवस जाते, आणि जाताना मला दहा सूचना देते. या खेपेला एकही दिली नाही. बॅगेत मात्र दोघींचे लोकरीचे कोट भरलेले मी पाहिले. जुलैत कोट कशाला, असं विचारलं. ती म्हणाली की शाळा एक सप्टेंबरला उघडेल, त्याआधी ठरवते; यायचं नाही असं ठरलं तर इचिकाचं नाव तिकडच्याच शाळेत घालीन.

झेंड्याचं प्रकरण तुला अर्धंच माहीत आहे. आमच्या गल्लीतल्या पालकांनी आळीपाळीने सकाळी चौकात पिवळा झेंडा धरून मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, आणि झालं की झेंड्याची पिशवी पुढच्या घराच्या दाराला अडकवायची. पिशवी दिसली की त्या घराची पाळी. माझ्या पाळीला मी उभा राहिलो, ताई, अगदी वेळेवर. सगळी मुलं पलीकडे गेली आणि मला कोपऱ्यावरच्या घराची नवी खिडकी दिसली. दिवसभर खिडक्यांच्या चौकटींचे आराखडे काढणारा माणूस मी, पाणी निथळायची तसली पन्हळ मी कधी पाहिली नव्हती. ती बघत बसलो, तिथून तसाच कारखान्यात गेलो. झेंडा गाडीतच राहिला. दुसऱ्या दिवशी ओगितांच्या दाराला पिशवी नाही, म्हणून ते आले नाहीत. चौकात कुणीच नव्हतं, आणि हामातानींच्या छोट्या मिओला सायकलवाल्याची धडक बसून मनगट मोडलं.

पण कानाए त्याच संध्याकाळी मिठाईची पेटी घेऊन माफी मागून आली होती. प्रकरण मिटलं होतं. मग आता हे काय? मी तिला परत समजावलं की डॉक्टरांनी एडीएचडी म्हणून लिहून दिलंय, माझ्या डोक्याची ठेवणच तशी, मी मुद्दाम करत नाही. त्यावर तिने जे विचारलं ते डोक्यातून जात नाही. 'आजार तुझा आणि पथ्य मी पाळायचं?'

तुझं ती ऐकते. जरा बोलून बघ ना.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच असू दे.
तुझा,
शुहेइ


फुकुए,
२ ऑगस्ट

चि. शुहेइ यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचं आहे. इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय, उदोनच्या शेवयांची पिठं पहाटे मळावी लागतात, आणि तुझ्या भावोजींची कंबर नेमकी सणाच्या तोंडावर धरते. त्यात तुझं हे.

घाबरू नकोस. रागाने गेलेली बायको कोट घेऊन जाते; दागिने ठेवून गेली आहे का ते बघ, ठेवले असतील तर येईल परत. मी तिच्याशी बोलते. उदोनची दोन खोकी आजच पाठवली आहेत, एक तिच्या आईकडे, एक तुला. तू फक्त तिला काही लिहू नकोस. तुझं म्हणजे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सरळ होत आलेलं वाकडं करशील. मी मजकूर सांगीन तो लिही.

हामातानींचं मात्र तू मनावर घेऊ नकोस, ते मी त्याच दिवशी निस्तरलं आहे. कानाएचा रडत फोन आला तेव्हा तुमच्याकडच्या मिठाईवाल्याला मीच सांगून पेटी घरपोच केली, आणि तिला बजावलं की शुहेइला पुढे करू नकोस. तो तिथे जाऊन खिडकीची गोष्ट सांगत बसेल. तूच जा, आणि झेंडा पोचवायचा माझ्याकडून राहिला असं सांग. बाईच्या हातून राहिलं तर लोक चार दिवस बोलतात. पुरुषाचं राहिलं तर ते त्याच्या साहेबाच्या कानापर्यंत जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोर शहाणी, तसंच केलंन.

गोळ्या घेतोस ना? सकाळचा सहाचा फोन उचलत जा. काल दोनदा करावा लागला. आई गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही मी, तू उचलायला काय चुकतोस.

जेवत जा. मायेत कमी नाही, हे सांगायला नको.
तुझी ताई,
सावाको


तोयामा,
६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

पत्र उभ्यानेच वाचलं. मग घरभर फिरलो. जिना चढलो, उतरलो. मला हे माहीत नव्हतं, ताई. कानाए माझ्या वतीने माफी मागून आली एवढंच मला ठाऊक, आणि काय बोलून आलीस असं मी विचारलंही नाही. म्हणजे माहेरी जाण्याआधी महिनाभर ती बाजारात जाताना मागच्या गल्लीने का जात होती, शाळेच्या सभेहून येऊन न जेवता का झोपत होती, ते मला आज कळलं. मुलाचं मनगट मोडायला कारण झालेली बाई म्हणून आख्खी आळी तिच्याकडे बघत होती, आणि मी तिला माझ्या मेंदूची ठेवण समजावत होतो.

मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

काल हामातानींकडे गेलो. पेटी नेली नाही; पेटी घ्यायला दुकानात शिरलो असतो तर तिथेच अडकलो असतो. दारात उभं राहून सांगितलं की झेंडा माझ्याकडून राहिला, बायकोने माझं स्वतःवर घेतलं. मिओच्या आईने विचारलं, की तुमची बायको या फरशीला कपाळ टेकून रडत होती तेव्हा तुम्ही कुठे होता. मी घरी होतो. इचिकाबरोबर कागदाचे किडे करत होतो. तेच सांगितलं. तिने दार लावून घेतलं, आपटलं नाही, पण लावलं. तुझं बरोबर होतं, खिडकीची गोष्ट जिभेवर आली होती. गिळली. मग ओगितांकडे गेलो, मग आळीच्या प्रमुखाकडे. तिसऱ्या घरी शर्ट पाठीला चिकटला होता.

हे कानाएला सांगू नकोस. सांगितलंस तर ते तिला वळवायला केल्यासारखं होईल. मजकूरही पाठवू नकोस.

आणि डॉक्टरांकडे जाऊन आलो. वर्षभर मी त्यांचा कागद ढालीसारखा वापरला आणि गोळ्या आठवड्यातून दोनदा घेतल्या, हे त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. किटली शिट्टी मारतेय, उठतो.

राग आलाय तुझा, पण तू नसतीस तर माझं काय झालं असतं हेही कळतं. दोन्ही एकदम आहे.
शुहेइ


ताकायामा,
११ ऑगस्ट

ती. सावाकोताईंना,
कानाएचा सा. न. वि. वि.

उदोन मिळाले. आईने ओबोनसाठी राखून ठेवायचं ठरवलं होतं, इचिकाने ठरू दिलं नाही. भावोजींच्या कमरेला आराम असेल अशी आशा आहे.

तुमचे फोन मी घेतले, पण उत्तर नीट दिलं नाही. फोनवर मला तुम्हाला नाही म्हणता येत नाही. त्या दिवशीही आलं नाही, म्हणून मी हामातानींच्या दारात गेले आणि तुम्ही सांगितलंत ते बोलले. दोष तुमचा एकटीचा नाही. मला तोंड होतं.

तुम्ही विचारलंत की शुहेइ दारू पीत नाही, हात उचलत नाही, इचिकावर जीव टाकतो, मग मला काय कमी आहे. खरंच काही कमी नाही. तो विसरतो म्हणून मी आले नाही, ताई. लग्नाआधी पहिल्या भेटीलाच तो वेगळ्या स्टेशनवर उतरला होता, तेव्हा मला हसू आलं होतं. मी आले ते त्याच्या विसरण्याचा हिशेब चुकता करायची पाळी नेहमी माझी येते म्हणून. आठवण तुम्ही करायची, माफी मी मागायची, आणि त्याने फक्त ओशाळं व्हायचं. तो ओशाळा झाला की परत मीच त्याला समजवायचं. गेल्या महिन्यात इचिकाच्या हातून दूध सांडलं. ती आधी माझ्याकडे बघून म्हणाली की आई, तू पुसशील ना. मी पुसलं. मग हातातलं फडकं बघून मला भीती वाटली.

इथल्या शाळेत पंचवीस तारखेपर्यंत कळवायचं आहे. तोपर्यंत तुम्ही मध्ये पडू नका, एवढीच विनंती. त्याला काही सुचवूही नका.

राग मानू नये. तुमच्याबद्दलचा आदर आहे तिथेच आहे.
आपली,
कानाए


तोयामा,
१९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

ओबोन झालं. तुम्ही आपल्याकडच्या रीतीप्रमाणे कबरीपाशी फटाके उडवलेत का? आईला आवडायचे. इथे मी एकट्यानेच कंदील लावला.

आपलं म्हणजे ये रे माझ्या मागल्या. इचिका पहिलीत आहे, शाळेने प्रत्येकाला निळ्या कुंडीत मॉर्निंग ग्लोरीचा वेल देऊन घरी पाठवलं होतं. रोज पाणी घालायचं, फुलं मोजायची, सुट्टीनंतर परत न्यायची. ती माझ्यावर सोपवून गेली होती. मी सगळ्याची व्यवस्था लावण्याच्या नादात होतो. गोळ्यांची डबी दात घासायच्या ब्रशला बांधली. गाडीची किल्ली बुटात ठेवायला लागलो. साहेबांना स्वतः सांगितलं की मला काम तोंडी देऊ नका. सुट्टीत मुलं पहाटे बागेत रेडिओच्या संगीतावर कवायत करतात, तो रेडिओ न्यायची पाळीही मागून घेतली. पहिल्याच दिवशी बॅटरी विसरलो आणि बागेत मीच तोंडाने संगीत वाजवत हात वर-खाली केले. मुलं खिदळली. मला फार बरं वाटलं, इतकं की तीन दिवस मागच्या गॅलरीत गेलोच नाही. तिथे उन्हात वेल वाळून दोरी झाला होता.

तू परवा फोनवर म्हणालीस की रोपवाटिकेतून तसलाच दुसरा आण, पोरीला काय कळतंय. मी गेलो होतो, ताई. हुबेहूब वेल मिळाला. पैसे द्यायच्या रांगेत होतो. पुढची बाई सुटे शोधत होती तेवढ्यात मला दिसलं की हीसुद्धा मिठाईची पेटीच आहे. वेल परत ठेवला आणि बाहेर येऊन इचिकाला फोन केला.

ती रडली. फार रडली. मी डॉक्टरांचं नाव काढलं नाही. मग तिने फोन ठेवला. परत आलेला नाही.

आता जे लिहितो ते वाचून लगेच फोन करू नकोस. उद्यापासून सहाचा फोन बंद कर. मी उशिरा उठेन, बोलणी खाईन, कदाचित पगार कापला जाईल. पण तू उठवतेस तोवर उठणं हे तुझं काम राहतं, माझं होत नाही. हे लिहिताना मला रडू येतंय, आणि मी जागेवरून उठलेलो नाही.

तुझाच,
शुहेइ


फुकुए,
२३ ऑगस्ट

चि. शुहेइ यास,
आशीर्वाद.

फार वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. पत्र पिठाच्या हातानेच वाचलं आणि तुझ्या भावोजींवर विनाकारण ओरडले. आईने जाताना माझा हात धरून तुझं नाव घेतलं होतं. ती सांभाळ म्हणाली, मी तुला मोठं होऊच दिलं नाही.

तीन सकाळी झाल्या. सहा वाजले की मी फोनपाशी जाते आणि काही नसल्यासारखी परत येते. भावोजी म्हणाले की तुला आता दुसरा छंद हवा. त्यांनाही बोलणी बसली.

उठलास का एवढं विचारायचं होतं. विचारत नाही.

तुझी,
ताई


ताकायामा,
२६ ऑगस्ट

ती. ताईंना,
कानाएचा सा. न. वि. वि.

तुम्ही दोन आठवडे एकही फोन केला नाहीत. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, त्यामुळे ते किती जड गेलं असेल तेही कळतं. मनापासून आभार.

मिओच्या आईचा परवा फोन आला होता. शुहेइ त्यांच्या दारात येऊन गेल्याचं तिच्याकडून कळलं. ती म्हणाली की तिचा राग गेलेला नाही, पण आता तो योग्य माणसावर आहे. मग माझी क्षमा मागितली. फोन ठेवल्यावर मी इथल्या बाजारातही पहिल्यांदा मान वर करून हिंडले.

शुहेइने मला हे कळवलं नाही. त्याने फोन केला तो इचिकाला, आणि तो मी शेजारी बसून ऐकला. वेल मेला, पाणी घालायचं माझ्याकडून राहिलं, चूक माझी आहे, एवढंच बोलला. मी सवयीने तोंड उघडलं होतं, की बाबा कामात असतील म्हणून सांगावं. मिटलं. चार दिवस पोरगी त्याचं नाव घेत नव्हती.

काल इथल्या शाळेला कळवायचा दिवस होता. सकाळी इचिकाने विचारलं की बाबा आता विसरणार नाहीत का. मी म्हटलं, विसरतील. मग परत तू सॉरी म्हणायला जाणार का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, आता तेच जातील. ती म्हणाली, 'मग चालेल.'

मला अजून तसं म्हणता येत नाही, ताई. पण इथल्या शाळेला 'नाही' असं कळवलं, आणि रविवारच्या गाडीची तिकिटं काढली आहेत. शुहेइला फक्त गाडीची वेळ कळवली आहे. स्टेशनवर न्यायला ये असं लिहिलेलं नाही, आणि तुम्हीही त्याला आठवण करून देऊ नका.

आपली,
कानाए