उजव्या हाताच्या सहीबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
पुनर्वसन साहित्य विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : पक्षाघाताने लुळा पडलेला उजवा हात सुधारणारे यंत्र, त्याच हाताच्या सहीअभावी अडवून ठेवल्याबाबत.
संदर्भ : आपल्या खिडकीवरील पाटी.

महोदय,

आपल्या काचेच्या कपाटात हाताच्या स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देणारी सात यंत्रे आहेत. पाच सीलबंद, एक पाहुण्यांना दाखवण्यासाठी, आणि सातव्यावर कारकुनांची छत्री वाळत असते. खिडकीसमोर मी एकूण नऊ तास उभी होते, त्यामुळे मोजणी तीनदा पडताळली आहे.

१. माझे वडील पाट्या रंगवतात. दहा आठवड्यांपूर्वी त्यांना झटका आला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी चाचणीचे यंत्र नियमाप्रमाणे तीन दिवस लावले. लोंबकळणारे मनगट उचलू लागले. 'पुढे घरी, रोज दोनदा. हे सुरुवातीचे महिने पुन्हा मिळत नाहीत,' असे बाईंनी लिहून दिले.

२. यंत्र घरी नेण्याच्या फॉर्मवरील सही नोंदणी कार्डाशी जुळावी लागते. डाव्या हाताची जुळली नाही. अंगठा दिला, तर कारकून म्हणाले, "कार्डावर दहावी पास लिहिलंय. शिकलेल्या माणसानं अंगठा उठवायचा?" माझी सही चालेना, कारण माझा हात लुळा नाही.

३. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी बाईंनी यंत्र लावूनच, कारकुनांसमक्ष, बाबांच्या हातात पेन दिले होते. सही चार मिनिटांत झाली आणि जुळलीही. कारकुनांनी भिंगातून पाहून शेरा मारला : 'सही विजेने केलेली आहे.' माणसाच्या नसांतही वीजच खेळते, हे मी विज्ञानाची पदवीधर या नात्याने नम्रपणे सांगितले. "मग त्या विजेचं मीटर दाखवा," ते म्हणाले. सबब, सही विजेचीच धरायची असल्यास यंत्र विजेच्या नावे द्यावे. ते सांभाळण्याची हमी मी देते.

४. यावर कारकुनांनी वरच्या पाटीकडे बोट केले : 'सही जुळल्याशिवाय साहित्य मिळणार नाही.' बाबांनी मान वर करून ती वाचली आणि म्हणाले, "'जु'चा उकार तोकडा पडलाय. नऊ वर्षं झाली, घाई केली होती मी." पाटीच्या कोपऱ्यात त्यांची सही आहे. ती कार्डाशी तंतोतंत जुळते, हे कारकुनांनाही मान्य आहे. मात्र पाटी फायलीत लावता येत नाही.

तरी पाटी उतरवून या अर्जास जोडण्याची परवानगी द्यावी, अथवा छत्रीखालचे यंत्र तरी द्यावे. छत्री मी वाळवून, घडी घालून परत करीन.

आपली नम्र, व अद्याप खिडकीसमोरच उभी,
पेंटरची मुलगी
दिनांक : १७ जून

सोबत :
१. फिजिओथेरपिस्ट बाईंची चिठ्ठी.
२. नामंजूर सह्या : डाव्या हाताची एक, अंगठ्याची एक, विजेची एक.
३. मनगट किती उचलते याची कोनमापकाने घेतलेली नोंद. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी, यंत्र काढल्यावर : १४ अंश. त्यानंतर सोळा दिवस यंत्र नाही. आज सकाळी : ५ अंश.