माझा जबाब

दादा,

‘प्रिय’ लिहायला हात धजला नाही.

त्या रविवारी प्रार्थना अर्ध्यावर असताना तुम्ही सगळे चर्चचं दार तोडून आत घुसलात. ज्यांना तू ‘बाटगा पाद्री’ म्हणतोस, ते माझे पती पुढे आले आणि म्हणाले, “बायकांना जाऊ द्या, मग माझं काय ते करा.” तुम्ही त्यांचे दोन्ही हात मोडलेत. सगळ्यांच्या तोंडाला फडकी होती, पण तुझा आवाज मी जन्मल्यापासून ऐकतेय. “हिला सोडा, घरातली आहे,” असं तूच म्हणालास.

पोलिसांना ह्यांनी सांगितलं, कुणालाच ओळखलं नाही. घरी मी घास भरवताना विचारलं, तर म्हणाले, “क्षमा करायची तर नाव कशाला घ्यायचं?”

मी चमचा खाली ठेवला. “हात तुमचे मोडले, तुम्ही क्षमा करा. झाडलोट करणाऱ्या मावशी त्या पळापळीत चिरडून मेल्या. त्यांच्या वतीने कोण करणार?”

पुढचा घास त्यांनी घेतला नाही.

काल आई आली. “रक्ताचं नातं आहे गं,” म्हणाली. मी म्हटलं, “फरशीवरचं रक्त मीच पुसलंय.”

हे पत्र मी टाकणार नाही. तुला सावध करून पळायला वाट द्यायची माझी इच्छा नाही. उद्या पोलीस माझा जबाब घ्यायला येतील. मी तुझं पूर्ण नाव सांगेन, आपल्या वडिलांच्या नावासकट. हे माझ्या शेजारी बसून तुझ्यासाठी प्रार्थना करतील. करू देत.

एकेकाळची तुझी,
धाकटी